पेंटर हीच पदवी

जुन्या संगीत नाटकांचा विषय निघाला की आपण सारे कानांनी बोलू लागतो. अमक्या पदाची चाल कोणत्या चिजेवरून घेतली होती, ऑर्गनवर कोण होते, तबल्याची साथ कोणाची होती, कोणत्या पदाला किती वन्समोर मिळाले, याचा हिशेब रसिकांच्या जिभेवर असतो. गाणे शिकवणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे या गप्पांत मीही कधी मागे राहिलो नाही. पण गाणाऱ्या नटाच्या पाठीमागे जो राजवाडा उभा होता, जे अरण्य दाटले होते, जो रस्ता दूरवर वळत गेला होता, तो कोणाच्या हातचा, हा प्रश्न अशा बैठकीत कोणी विचारल्याचे मला स्मरत नाही. गाणारा गेला तरी त्याचे नाव राहिले. साथीदाराचे नाव निदान हँडबिलाच्या तळाशी बारीक टाइपात तरी राहिले. पडदे रंगवणाऱ्याच्या वाट्याला तेवढेही क्वचितच आले.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे नाव मात्र राहिले. मराठी चित्रपटाचा इतिहास त्यांच्यावाचून सांगताच येत नाही. लोकांनी त्यांना कलामहर्षी म्हटले, आणि आजही त्यांचे नाव आदराने घेणारा माणूस आधी कलामहर्षी म्हणतो, मग बाबूराव म्हणतो आणि शेवटी पेंटर हा शब्द आडनावासारखा उरकून टाकतो. ते त्यांचे आडनाव नव्हते. तो त्यांचा धंदा होता. त्यांचे चरित्र वाचताना मला राहून राहून वाटले की, या माणसाने जे जे मोठे केले ते त्या उरकून टाकलेल्या शब्दातून निघालेले आहे. म्हणून त्यांची कहाणी आज त्या शब्दाच्या बाजूने सांगावी असे मनात आले.

बाबूरावांचा जन्म 3 जून 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे नाव कृष्णराव, आडनाव मेस्त्री. मेस्त्री हेही एका अर्थी धंद्याचेच नाव. घर कारागिरांचे होते, आणि हाताला वळण लागते ते अशाच घरात. बाबूरावांनी चित्रकलेचे शाळेतले शिक्षण घेतले नाही. त्याच कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकले, तेथेच अध्यापक झाले आणि 1930 साली त्या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. ती एक वाट होती. बाबूरावांची वाट दुसरी होती. बघायचे, करून पाहायचे, बिघडले की पुसायचे आणि पुन्हा करायचे. गाण्यात आपण याला नुसती तालीम म्हणत नाही, त्यात ऐकून शिकणे फार असते. पण ऐकून शिकलेल्या गवयाला मैफलीत मान मिळतो, आणि पाहून शिकलेल्या चित्रकाराला लोक पेंटर म्हणतात, हा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे.

त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे खरे सोबती आणि एका अर्थाने वाटाडेही. 1910 ते 1916 या काळात या दोघा भावांनी संगीत नाटक मंडळ्यांचे आणि गुजराती-पारशी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले, आणि पश्चिम हिंदुस्थानात या कामातले अग्रगण्य म्हणून त्यांची ख्याती झाली. आनंदराव पेंटर, बाबूराव पेंटर असे लोक म्हणू लागले, आणि मेस्त्री हे नाव मागे पडत गेले.

ज्यांनी नाटकाचे पडदे केवळ खुर्चीत बसून पाहिले आहेत त्यांना या कामाची कल्पना येणे कठीण आहे. कापडाचे पट्टे एकमेकांना शिवून रंगमंचाएवढा पडदा करायचा. त्याला सरसाचा हात देऊन कापडाची छिद्रे बुजवायची. मग कोळशाने चौकटी आखून लहान चित्र मोठे करत जायचे. पडदा जमिनीवर पसरलेला असला तर रंगवणारा त्याच्यावरूनच चालतो, त्यामुळे आपण काय काढतो आहोत ते त्याला एका नजरेत कधी दिसतच नाही. कोरड्या रंगाची पूड सरसात कालवलेली असते, आणि ओला असताना गडद दिसणारा हा रंग वाळल्यावर फिका पडतो. तेव्हा लावताना दिसतो तो रंग खरा धरायचा नाही, उद्या वाळल्यावर दिसेल तो धरायचा. त्यातही हा पडदा दिवसा कोणी पाहणार नसतो. तो पाहायचा किटसनच्या किंवा गॅसच्या दिव्यात, आणि दिव्याच्या पिवळट उजेडात पिवळा रंग विरतो, निळा काळवंडतो. शिवाय पहिल्या रांगेतला शेठ आणि पिटातला शेवटचा प्रेक्षक या दोघांनाही राजवाड्याचे खांब सरळच दिसले पाहिजेत. आणि एवढे सारे केल्यावर तो पडदा लाकडी रुळावर गुंडाळला जाणार, बैलगाडीत नाहीतर आगगाडीच्या डब्यात टाकला जाणार, गावोगाव उलगडला जाणार, आणि प्रत्येक वेळी त्याचा थोडा रंग झडणार.

या कामाला हिशेबी डोके लागते, नजर लागते, आणि नटाच्या पुढे न येण्याचा विवेकही लागतो. आमच्याकडे तंबोरा लावणाऱ्याचे असेच असते. तो उत्तम लागला तर कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि बेसूर लागला तर गवयाचे गाणे उभे राहत नाही. पडदा फार देखणा झाला तर नाटक मागे पडते, आणि फिका झाला तर राजाचा राजवाडा धर्मशाळेसारखा दिसतो. या दोहोंच्या मधली जागा शोधणाऱ्या माणसाला आपण कलावंत म्हणायचे की कारागीर, याचा निकाल निदान त्या काळी लागलेला होता. त्याला पेंटर म्हणायचे.

येथे आमच्या बडोद्याची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. संस्थानी काळात दरबारचे गवई, वादक आणि इतर गुणीजन ज्या खात्याखाली येत त्या खात्याचे नाव कलावंत कारखाना असे होते. आजच्या तरुण मंडळींना त्या नावाचे हसू येते. कारखाना याचा तेव्हाचा अर्थ दरबारचे खाते एवढाच. पण त्या नावात लपवाछपवी नव्हती हे खरे. दरबारी गवई पगारावर गात होता, सांगितल्या वेळी गात होता, सणावाराला आणि पाहुण्यांसाठी गात होता. त्याने हुकमावरून गायिले म्हणून त्याच्या गाण्याची प्रत कमी झाली असे आपण कधी मानले नाही. कोल्हापुरातच पाहा. 1895 पासून शाहू छत्रपतींच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गात होते, आणि त्यांच्या गायकीपुढे सारा मुलूख नतमस्तक होता. त्याच गावात, त्याच काळात, दोन भाऊ नाटक मंडळ्यांच्या मागणीवरून पडदे रंगवत होते. एकाची चाकरी दरबाराची, दुसऱ्याची तिकीट काढून येणाऱ्या लोकांची. मागणीबरहुकूम कला दोघांचीही होती. पण एकाला आपण खाँसाहेब म्हटले, आणि दुसऱ्याला त्याच्या डब्या-कुंचल्याच्या नावाने हाक मारली.

1913 साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. फाळके हेही चित्रे, छायाचित्रे आणि छपाई यांतून आलेले, आमच्या बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले. आपल्या देशातला चित्रपट पंडितांच्या माडीवर जन्मला नाही. तो असा छापखान्यातून आणि पडद्यांच्या गुंडाळ्यांतून बाहेर आला, हे विसरू नये. आनंदराव आणि बाबूराव या दोघांना या नव्या विद्येने झपाटले. त्यांनी आधी चित्रे दाखवण्याचे यंत्र मिळवले. मग यंत्र उघडून त्याचे मर्म शोधायचे आणि चित्रे घेण्याचे यंत्र आपणच घडवायचे असा ध्यास घेतला. विलायती कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता हे खरे, पण कारागिराच्या घरातल्या माणसाला दुसऱ्याने बनवलेली वस्तू आपल्यालाही बनवता येईल असे वाटते, हेही तितकेच खरे. या खटाटोपात असतानाच 1916 साली आनंदराव वारले.

भाऊ गेला, आणि काम अर्धे राहिले. बाबूरावांनी ते सोडले नाही. विष्णुपंत दामले हे त्यांच्या हाताखाली तयार झालेले, यांत्रिक कामाला बसलेला हात असलेले गृहस्थ. त्यांच्या मदतीने 1918 च्या सुमारास कोल्हापुरात घडवलेला कॅमेरा चालू झाला. चित्रपटात एका सेकंदाला अनेक चित्रे घ्यावी लागतात. फीत एका चित्राएवढी सरकली पाहिजे, क्षणभर निश्चल राहिली पाहिजे, उजेड पडून बंद झाला पाहिजे, आणि मग ती पुन्हा तेवढीच सरकली पाहिजे. यात केसाएवढा फरक पडला तर पडद्यावरचे चित्र थरथरते. ही लय आहे, आणि लयीचा हिशेब चुकला तर काय होते हे आम्हा गाणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. ती लय एका पडदे रंगवणाऱ्याने आणि त्याच्या सोबत्यांनी हाताने घडवलेल्या लोखंड-पितळेत बसवली.

त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला भांडवल दिले ते तानीबाई कागलकर या गायिकेने. या गोष्टीपाशी मी नेहमी थांबतो. ज्या काळी गाणाऱ्या बाईच्या पैशाकडे सभ्य समाज तिरक्या नजरेने पाहत होता, त्या काळी एका गायिकेने आपली कमाई एका पेंटरच्या यंत्रावर लावली. पोथी-पुराणांतले देव पुढे ज्या पडद्यावर हलले-चालले, त्या पडद्याखाली एका गायिकेच्या मैफलींचा पैसा होता. चित्रपटाच्या इतिहासात तानीबाईंचे नाव एका ओळीत येते. संगीताच्या इतिहासकारांनीही या ओळीची आठवण ठेवावी असे मला वाटते.

कंपनीच्या पहिल्या चित्रपटासाठी बाबूरावांच्या मनात सीतेच्या स्वयंवराचा विषय होता. पण कामाला स्त्रिया मिळेनात. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती पुरुषानेच केली होती. नाटकात तर बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांवर सारा महाराष्ट्र लुब्ध होता. पण रंगमंचावर दुरून शोभणारी गोष्ट कॅमेऱ्याला जवळून शोभत नाही हे बाबूरावांच्या चित्रकाराच्या नजरेने ओळखले असावे. शेवटी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी पुढे आल्या, आणि विषय ठरला 'सैरंध्री'चा. चित्रपटात काम केल्याबद्दल या दोघींना समाजाचा बहिष्कार सोसावा लागला, आणि त्यांनी कंपनीच्याच आवारात राहून काम केले. गायिकेचे भांडवल, पेंटरचे यंत्र आणि बहिष्कृत झालेल्या दोन नट्या, अशी ही कंपनी होती. प्रतिष्ठितांच्या यादीत यांतले एकही नाव बसणारे नव्हते.

'सैरंध्री' 1920 च्या फेब्रुवारीत पुण्याला लागला. त्यातला कीचकवध इतका खरा उतरला होता की प्रेक्षक हादरून गेले, आणि पुढे त्या भागावर सरकारची कात्री चालली. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना सुवर्णपदक दिले आणि सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये लोकमान्य गेले. राजकारणाच्या धबडग्यातून त्यांनी एका मूकपटासाठी वेळ काढला, ही गोष्ट बाबूरावांच्या सर्व पदव्यांत मला अधिक मोलाची वाटते.

आता यानंतर बाबूरावांनी जे केले ते पडदे रंगवणाऱ्याशिवाय दुसऱ्याला सुचणे अवघड होते. त्यांनी रंगवलेला पडदा चित्रपटातून काढून टाकायला सुरुवात केली. ज्या विद्येवर त्यांचे नाव झाले होते ती येथे उपयोगाची नाही हे त्यांनी स्वतःच ठरवले. कॅमेऱ्यापुढे सपाट कापडावर काढलेला महाल खोटा दिसतो. नटाची सावली रंगवलेल्या खांबावर चुकीची पडते, आणि वाऱ्याने भिंतच हलते. पडद्याची फसवणूक कोठवर चालते आणि कोठे उघडी पडते, हे ज्याने आयुष्यभर ती फसवणूक रचली त्यालाच नेमके कळणार. बाबूरावांनी कापडाऐवजी खरोखर उभी राहणारी दालने बांधली. त्यांत माणूस आत जाऊ शकत होता, खांबाला वळसा घालू शकत होता, पायरीवर बसू शकत होता. चित्रपटातल्या घरात माणसे राहत असावीत असे वाटू लागले ते तेव्हापासून.

रंगाचेही तसेच. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे. तांबडे लुगडे पडद्यावर काळे येई, आणि निळे आकाश पांढरेफटक. रंगांच्या डब्यात वाढलेल्या माणसाला आता सारे जग काळ्या-पांढऱ्या छटांत मांडायचे होते. सगळे स्वर काढून घेऊन दोनतीन सुरांत राग उभा करायला सांगावे असा तो प्रकार. बाबूराव आधी प्रसंगांची रेखाटने करत. पात्राचा वेष, त्याची उभे राहण्याची ढब, हालचाल, हे कागदावर ठरे आणि मग कॅमेऱ्यापुढे येई. 1923 च्या 'सिंहगड' या चित्रपटात, जो हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवर आधारलेला होता, त्यांनी कृत्रिम प्रकाशात चित्रण केले. तोवर आपल्याकडे चित्रपट सूर्याच्या मर्जीवर निघत असत. रात्र दाखवायची तर दिवे कोठे ठेवायचे, हे गॅसच्या उजेडातल्या पडद्यांनी त्यांना आधीच शिकवून ठेवले होते.

आणि जाहिरात. आपल्याकडे आजही हा शब्द उच्चारताना सुशिक्षित माणूस थोडे नाक मुरडतो. बाबूरावांना तो संकोच नव्हता. 1921-22 च्या सुमारासच त्यांनी चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेल्या पुस्तिका काढल्या, आणि आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके स्वतःच्या हाताने रंगवली. कल्याणच्या खजिन्याची आणि शिवरायांच्या औदार्याची कथा सांगणारा 'कल्याण खजिना' हा त्यांचा 1924 चा चित्रपट. त्याचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांत गणले जाते. एरवी भित्तिपत्रकाचे आयुष्य किती? खळ लावून चिकटवले की दुसऱ्या आठवड्यात त्याच्यावर दुसरे चिकटते, आणि पहिल्या पावसात दोन्ही गळून पडतात. ज्या चित्रपटाची लोकांना बातमी द्यावी म्हणून हे कागद काढले, त्या काळचे बहुतेक मूकपटच आज नाहीसे झाले आहेत. एखादा जाहिरातीचा कागद मात्र चुकून राहिला आणि त्या चित्रपटाचा साक्षीदार झाला.

1925 साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. नारायण हरि आपटे यांच्या कादंबरीवरून घेतलेली ही कथा. शेतकरी कर्जात बुडतो, सावकाराच्या खोट्या कागदांनी त्याची जमीन जाते, आणि पोटासाठी तो शहरात गिरणीचा मजूर होतो. शेतकऱ्याचे काम केले होते तरुण व्ही. शांताराम यांनी. देव, राक्षस आणि ऐतिहासिक वीर यांच्या गर्दीत कर्जबाजारी कुणबी पडद्यावर आणणे हे धाडस होते, आणि लोकांनी त्याला साथ दिली नाही. तिकीटबारीवर चित्रपट पडला. आज चित्रपटाचे जाणकार याच चित्रपटाला वास्तव चित्रणाचा आपल्याकडचा आरंभ मानतात. बाजारात वाढलेला, मागणीवर काम करणारा माणूस बाजाराला नको असलेली वस्तू आपल्या खर्चाने घडवतो, ही गोष्ट धंदेवाईक कलावंत या शब्दाचा अर्थ लावताना विसरता येत नाही.

पुढची वर्षे सुखाची गेली नाहीत. बाबूराव सावकाश काम करणारे होते, मनासारखे उतरेपर्यंत हलत नसत. पैशाच्या व्यवहाराला हा स्वभाव मानवत नाही. 1929 साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर या त्यांच्या तालमीत वाढलेल्या मंडळींनी कंपनी सोडली आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली. एकाच वेळी हाताखालची बोटेच गळून पडावीत तसे हे झाले असेल. दोनतीन वर्षांतच महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार आटोपला. त्याच वेळी चित्रपट बोलू लागला. 1932 साली प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'ने मराठी बोलपटाला आरंभ केला, आणि त्याचे संगीत होते कोल्हापूरच्याच गोविंदराव टेंब्यांचे. दामले-फत्तेलाल यांच्या 1936 च्या 'संत तुकाराम'चा 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. शांताराम यांच्याविषयी तर सांगायलाच नको.

या शिष्यांचे यश बाबूरावांच्या खात्यात मांडायचे की नाही, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. गाण्यात आपण घराणे मानतो. शिष्य वेगळा झाला, त्याने नवी मैफल जमवली, गुरूपेक्षा मोठे नाव केले, तरी त्याच्या आलापात गुरूचा श्वास ऐकू येतो, आणि आपण तो ओळखून मान डोलावतो. प्रभातच्या चित्रपटांतली ती भरीव देवळे, ते वाडे, प्रकाशाची ती जाण, फत्तेलालांची ती सजावटीची नजर, यांचा उगम कोल्हापुरातल्या त्या रंगशाळेत आहे. चित्रपटाच्या क्षेत्रात घराणे हा शब्द वापरण्याची रीत नाही, म्हणून ही परंपरा आपल्याला तुटक वाटते, एवढेच.

बाबूरावांनी बोलपटही केले. 1935 साली 'उषा' आला, 1936 साली त्यांनी 'सावकारी पाश' पुन्हा बोलका करून काढला. एकदा पडलेला चित्रपट अकरा वर्षांनी पुन्हा करण्यामागे काय हट्ट असेल! 1937 साली 'प्रतिभा' आला. त्यानंतरचा मोठा काळ त्यांचा पुन्हा रंगांत आणि मूर्तिकामात गेला. 1947 साली शाहीर राम जोश्यांच्या जीवनावरचा 'राम जोशी' हा चित्रपट त्यांनी शांताराम यांच्यासमवेत दिग्दर्शित केला. गुरू आणि शिष्य अठरा वर्षांनी एका चित्रपटाच्या कामाला बसले, आणि त्या चित्रपटाला लोकांनी अफाट प्रतिसाद दिला. वसंत देसाईंच्या चाली आणि त्यातल्या लावण्या आजही कोणी गुणगुणल्या तर मान वळते. येथेही आपल्याला आठवतात त्या चालीच. चौकटीतल्या फडाची, समयांची, पागोट्यांची मांडणी कोणाच्या नजरेने झाली हे आपण विचारत नाही. 1952 साली 'विश्वामित्र' हा त्यांचा शेवटचा चित्रपट आला, आणि 16 जानेवारी 1954 रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांचे काय उरले? नाटकाचे पडदे विटले, फाटले. ज्या गावच्या रंगभूमीत ते वाढले त्या कोल्हापुरातले 1915 साली बांधलेले पॅलेस थिएटर, पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, तेही 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. मूकपटांच्या फिती गेल्या. काही चित्रे उरली, काही भित्तिपत्रके, आणि पुस्तकांतली नावे. गवयाचेही ध्वनिमुद्रिकेच्या आधी असेच होत असे, त्याचे गाणे त्याच्याबरोबर जात असे. पण शिष्याच्या गळ्यात ते थोडे उरे आणि शिष्य कानाला हात लावून गुरूचे नाव घेई. पडदे, पाट्या आणि भित्तिपत्रके रंगवणाऱ्यांसाठी कानाला हात लावण्याची चाल पडली नाही. यंत्रावर छापलेले मोठे फलक आल्यापासून तर हाताने फलक रंगवणाऱ्यांची दुकानेच गावोगाव बंद पडली. त्यांतल्या कित्येकांच्या दारावर अजून जुनी पाटी आहे आणि तिच्यावर नावापुढे पेंटर असे लिहिलेले आहे.

कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या जुन्या जागेपाशी, खरी कॉर्नरला, कॅमेऱ्याचे स्मारक उभे आहे, आणि चित्रपट-व्यवसायातली मंडळी तेथे फुले वाहतात. ते योग्यच आहे. फुले वाहताना एवढेच आठवावे की तो कॅमेरा ज्या हातांनी घडवला, त्यांना कुंचला धरायची सवय आधीची होती. यापुढे कोणी या थोर पुरुषाचे नाव घेईल तेव्हा त्याने कलामहर्षी खुशाल म्हणावे. पण पेंटर हा शब्द मात्र घाईने उरकू नये, सावकाश आणि स्पष्ट उच्चारावा. बाबूरावांनी तो चव्वेचाळीस वर्षे वागवला, आणि एवढ्या मानाच्या पदव्या मिळाल्यावरही टाकून दिला नाही.